पहिलवानाच्या मुलाने हात उचलला

समस्त नातेवाईक, शेजारी, तालमीतले आजी-माजी गडी आणि रस्त्याने जाणारे-येणारे यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या सासऱ्यांची पाठ आजवर कधीही मातीला लागलेली नाही. ज्या कुस्त्यांत ती लागल्याचे लोक सांगतात, त्या मुळात कुस्त्याच नव्हत्या. एकीत आखाड्यावर पाणी जास्त मारले होते. दुसरीत पंच हा समोरच्या पहिलवानाचा मावसा होता. तिसरीत सासऱ्यांना सकाळपासून ताप होता आणि ते केवळ आयोजकांचे मन राखण्यासाठी उतरले होते. सबब, या विषयावर यापुढे कोणीही शंका काढू नये. हुकुमावरून.

हे निवेदन मी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकले आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि निवेदन हा तर माझा धंदाच. अकोल्यात आणि आसपास लग्न, साक्षगंध, सत्कार, दुकानाचे उद्घाटन असल्या कार्यक्रमांत पोट सुटलेला, खर्जातला, माईक न सोडणारा जो माणूस तुम्ही पाहिला असेल, तो मी. हरवलेला नवरदेवाचा मामा शोधून देणे, रुसलेल्या जावयाला चारचौघांत ‘आदरणीय’ म्हणून पंगतीला बसवणे, ही माझी कामे. रंगवून सांगणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. सासऱ्यांइतका पट्टीचा सांगणारा मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना सगळी अमरावती नाही, पण निम्मा मोहल्ला ‘पहिलवान’ म्हणतो. मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणतो. पत्र्याच्या छपराखाली त्यांची तालीम आहे. आत लाल माती, कोपऱ्यात शेंदूर माखलेला मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल. आता तिथे माती खेळणारी पोरे कमी आणि भिंतीवरच्या आरशात दंड बघणारी जास्त. तरी मामाजी रोज सकाळी माती उकरतात, तिला तेल-ताक पाजतात, आणि कोणी नवा माणूस सापडला की त्याला तापातल्या कुस्तीची गोष्ट सांगतात.

मामाजींना दोन मुले. मोठी मुलगी माझ्या पदरात पडली. तिच्या हातचा धपाटा ज्याने खाल्ला आहे, त्याला तालमीचा वारसा कोणाकडे गेला हे सांगावे लागत नाही. धाकटा मुलगा, म्हणजे माझा साळा, फुलांचे हार करायचा.

शरीर म्हणाल तर बापाचेच होते. तीच रुंद छाती, तीच जाड मान, पंजा एवढा मोठा की निशिगंधाची जुडी त्यात दिसायची नाही. पण लहानपणी त्याला आखाड्यात उतरवले की समोरच्याचा हात धरण्याआधी तो विचारायचा, “लागलं तं नाही ना तुले?” तालमीतून तो बहुतेक वेळा रडत घरी यायचा. का, ते घरात कोणी विचारत नसे. पुढे कधीतरी तो देवळाच्या वाटेवरच्या एका फूलवाल्याकडे सुई-दोरा घेऊन बसायला लागला. म्हातारा फूलवाला गेल्यावर ती पाटी त्यानेच सांभाळली. पाटी म्हणजे लाकडी फळी, वर ताडपत्री, समोर झेंडू-शेवंतीचे ढीग. शेजारी नारळ विकणाऱ्या मावशी. एवढेच त्याचे राज्य.

मामाजी त्या रस्त्याने जायचे तेव्हा समोरच्या बाजूने जायचे.

“बायाचं काम करून राहिला,” ते मला म्हणायचे. “कोनाले सांगू नका जवाईबुवा.”

आता भर रस्त्यावर बसलेला माणूस मी कोणापासून लपवणार होतो? पण दर शनिवारी तालमीतल्या मारुतीला रुईच्या पानांचा हार यायचा, तो साळ्याने केलेला असायचा. मामाजी तो मुकाट्याने घ्यायचे आणि स्वतः घालायचे. पाने एकसारखी, देठ सगळे एका बाजूला. एकदा हार घातल्यावर ते दोन पावले मागे सरून पाहत उभे राहिलेले मी पाहिले होते. मला बघितल्यावर त्यांनी लगेच मारुतीला नमस्कार केला.

पुढे जी विम्याची भानगड झाली, ती सुरू होते साळ्याच्या स्वभावातून. एक विमा एजंट त्याचे गिऱ्हाईक होता. रोज सकाळी गाडीच्या हँडलला लावायला हार घ्यायचा आणि रोज एकच प्रश्न विचारायचा, “मग काय ठरवलं, दादा?” साळ्याला नाही म्हणता येत नसे. महिनाभर तो “पाहू ना” म्हणाला, मग एक दिवस सही करून बसला. वर अपघाती मृत्यूचा जादा लाभही घेतला, कारण एजंट म्हणाला की तो सगळेच घेतात. घरी बायकोने विचारले, काहून घेतला. तो म्हणाला, “तो रोज येते. त्याले किती येळा वापस पाठवू?”

माझ्या कार्यक्रमांत मी ही गोष्ट नाव न घेता सांगायचो. लोक हसायचे. आता सांगत नाही.

नवरात्रातली संध्याकाळ होती. देवळाकडे गर्दी. साळ्याकडे एका घराने देवीसाठी मोठा हार सांगितला होता, आरतीच्या वेळेला न्यायचा. शेवंती, मध्ये गुलाब, खाली झुलणारा गोंडा. तो त्याने नुकताच पुरा केला होता. तेवढ्यात मोटरसायकलवरच्या दोन पोरांची आणि एका ऑटोवाल्याची समोरच जुंपली. गाडीचा आरसा ऑटोला घासला होता, एवढेच कारण. आधी शिव्या, मग कॉलर, मग धक्काबुक्की, आणि ती सगळी झटापट सरकत सरकत पाटीवर आली.

पुढचे मी नारळवाल्या मावशींकडून ऐकले. त्या हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. फळी हलायला लागली तसा साळा उठला. हार खाली ठेवायला जागा उरली नव्हती, आणि देवीचा हार रस्त्यावर ठेवत नाहीत, त्याला कोणाचा पाय लागता कामा नये. म्हणून त्याने तो दोन्ही हातांवर घेऊन डोक्याच्या वर धरला आणि तसाच त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. “भाऊ, देवीचा हार हाये, जरा बाजूले व्हा ना. जाऊ द्या ना भाऊ.” एका पोराने ऑटोवाल्याला धक्का मारला, तो चुकला, आणि साळ्याला लागला. तो मागे गेला. त्याने हात खाली घेतले असते, तर कशाला तरी धरता आले असते. मावशी म्हणतात, त्याने ते घेतले नाहीत. तो सरळ पाठीवर पडला आणि डोके फुटपाथच्या सिमेंटच्या कडेवर आदळले.

हार त्याच्या छातीवर होता. जमिनीला लागला नव्हता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. तो हार मग देवीला गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबतच गेला.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. घरात मरण झाले की लोक बसायला येतात. जो येतो तो दाराशी थोडा थांबतो, आत येऊन बसतो, आणि काही वेळाने हळूच विचारतो, “कसं झालं?” घरच्या माणसाने ते पहिल्यापासून सांगायचे असते. दुसरा येतो, तोही विचारतो, त्यालाही पहिल्यापासून. आधीच्याने ऐकलेले चालत नाही. आत बायकांमध्ये वेगळे सांगणे चालू असते, बाहेर पुरुषांमध्ये वेगळे. बाहेरचे सांगणे मामाजींकडे होते.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले ते असे: पोट्टे भांडत होते, हा सोडवायले गेला, धक्का लागला, पडला. एवढेच. समोर बसलेल्या एका जुन्या पहिलवानाने नुसते विचारले, “पाठीवर?”

मामाजींनी मान हलवली. तो माणूस जमिनीकडे पाहू लागला.

मी तिथेच बसलो होतो. पाठीवर पडणे म्हणजे काय, हे त्या दोघांना जे कळत होते ते बाकी कोणालाच कळणार नव्हते. साऱ्या आयुष्यात ज्याने आपली पाठ मातीला लागू दिली नाही, निदान लागल्याचे कबूल केले नाही, त्याचा पोरगा भर बाजारात, सगळ्यांसमोर, चीत झाला होता.

दुसऱ्या दिवशी साळ्याने एकाचे मनगट धरले होते. त्यानंतर एकाला त्याने ढकलून दिले होते. दहाव्यापर्यंत त्याने ढाक डाव लावून एक पोरगा पाडला होता, आणि तेरवीच्या दिवशी मामाजी भरल्या मांडवात सांगत होते, “दोघाईले धोबीपछाड. दोघाईले! कात्री होती त्याच्या कमरेले, पन हात नाही लावला कात्रीले. तालमीचा नियम. तिसरा मागून आला म्हून. समोरून कोनाची हिंमत होती का?”

मी धंद्याने निवेदक. गोष्ट वाढताना मला दिसत होती. कुठे नवा दागिना घातला, कुठे पायरी चढवली, सगळे. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी मनातून टाळी दिली असती. त्या दिवशी मी पंगतीत पाणी वाढत फिरलो. एक म्हातारा माणूस मेलेल्या पोराला उचलून उभा करत होता, आणि रोज थोडा जास्त उभा करत होता. त्याला कोण थांबवणार?

तेरवीनंतर थोड्याच दिवसांत एक मनुष्य आला. हातात हेल्मेट, बोलणे मऊ. आत येताच त्याने मामाजींच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “पहिलवान, लय नाव ऐकलं तुमचं.” मामाजींनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. तो बसला आणि म्हणाला, “कसं झालं?”

तो विमा कंपनीने चौकशीला पाठवलेला माणूस होता. त्याने ते लपवले असे मी म्हणणार नाही, आल्याआल्या त्याने कंपनीचे नाव सांगितले होते. पण दारातून आलेल्याने कसं झालं विचारले की आमच्याकडे सांगायचे असते. मामाजींनी सांगितले. मनगट, ढाक, धोबीपछाड, कात्री, सगळे. त्याने लिहून घेतले, वाचून दाखवले, आणि मामाजींनी खाली लफ्फेदार सही केली.

कंपनीने मूळ विम्याचे पैसे दिले. अपघाताचा लाभ नाकारला. पत्रात लिहिले होते की मृत व्यक्ती स्वतः मारामारीत सहभागी होती. तिने हात उचलल्याचे समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसते, आणि तिच्या वडिलांनीही ते सांगितले आहे. सबब हा अपघात नव्हे.

ते पत्र साळ्याच्या बायकोने मला वाचायला दिले. ती शेंदूरजनाघाटची. माहेरी संत्र्याचा बगीचा, पण दुसऱ्याचा, तिचे वडील तिथे राखणीला होते. नवरा गेल्यावर महिन्याभरातच ती स्वतः पाटीवर बसायला लागली होती. समोर पोरगी बारावीची पुस्तके घेऊन बसलेली. तिला नर्सिंगला जायचे होते, आणि तो लाभ मिळाला तरच ते होणार होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते.

मी पत्र वाचले, घडी केली, काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “वकील पाहू आपन.”

ती झेंडू ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊजी, माह्या बापानं माह्या मायले रोज मारलं. मले पाहाले हे आले तवा मी दुसरं काई पाहिलं नाही, ह्याईचे हात पाहिले. एवढे मोठे हात. अन् चहाचा कप असा धरला होता, जसा काई फुटून जाईन. म्या घरात सांगितलं, हाच.” सुईत एक फूल गेले, मग दुसरे. “एवढ्या वर्सात ज्या मानसानं माह्यावर हात उचलला नाही, त्यानं रस्त्यावर उचलला म्हून लिवते. पोरगी वाचते ना हे.”

“मामाजींशी बोललीस?”

“म्या कशी बोलू? सासरे हायेत. तुमी सांगा.”

मी सांगायचे ठरवले. हजार-हजार माणसांसमोर बोलणारा मी, एका म्हाताऱ्यासमोर बोलायचे म्हणून दोन दिवस मनात उजळणी करत होतो. शेवटी बायकोलाच सोबत घेऊन मूर्तिजापूर-बडनेरा करत अमरावतीला गेलो. मामाजी तालमीत माती उकरत होते.

“मामाजी,” मी सुरुवात केली, “आपले लाडके, आदरणीय...”

“इथं माईक नाही,” मामाजी म्हणाले. “सिद्धं बोला.”

सरळ बोलायचे काम माझ्या बायकोने केले. “बाबा, तुमी त्या मानसाले काहून सांगितलं दादानं मारलं म्हून? त्याच्यानं कंपनीनं पैसे नाही देले. तुमाले लिवून द्या लागते, का तसं नव्हतं.”

दादा म्हणजे साळा. धाकटा असून ती त्याला दादाच म्हणायची.

मामाजी फावडे टेकून उभे राहिले. “म्हंजे मी खोटा?”

“खोटे नाही हो मामाजी,” मी म्हणालो, “तुमी दुःखात होते, दुःखात मानूस...”

“दुःखात? मी पहिलवान हाये. जवाईबुवा, तुमाले काय वाटते, मी कोर्टात जाऊन म्हनू, माहा पोरगा हात जोडत मेला? भीक मांगत मेला? ह्या तालमीतले पोट्टे काय म्हनतीन?”

“कोनते पोट्टे?” बायको म्हणाली. “ते जे आरशापुढं फोटो काढते ते?”

मामाजींनी फावडे मातीत मारले. “निघा.”

“बाबा, पोरीचं शिक्षन...”

“म्या करतो शिक्षन! तालीम इकतो! निघा तुमी!”

आम्ही निघालो. बस स्टँडवर बायको रडली, आणि मग मला म्हणाली की मी सुरुवातीलाच ‘आदरणीय’ म्हटले नसते तर त्यांनी ऐकले असते. हे खरे नव्हते, पण मी मान्य केले. त्यानंतर मामाजींनी आम्हा दोघांशी आणि सुनेशीही बोलणे बंद केले. सून रोज सकाळी त्यांच्या ताटात भाकरी वाढायची, ते खायचे, आणि दोघांमध्ये शब्द नाही. दर शनिवारी रुईचा हार मात्र यायचा. आता तो ती करायची.

ग्राहक तक्रारींच्या आयोगात आम्ही दावा केला. आमचा वकील तरुण होता, त्याचा काळा कोट खांद्यावर सैल होता, पण माणूस चिवट. त्याने नारळवाल्या मावशींचे म्हणणे शपथेवर घेतले, पोलिसांचा पंचनामा जोडला. पण मामाजींचे ते सहीचे निवेदन मध्येच पडले होते. वकील म्हणाला, “बाकी सगळं ठीक आहे. पण बापच म्हणतो मारलं, तर मी काय करू?”

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. पाटी बंद ठेवून मावशीही आल्या, नवे लुगडे नेसून. मी त्यांना आत बोलू नका असे समजावत होतो, तेवढ्यात बायकोने माझा दंड दाबला. दारात मामाजी उभे होते. डोक्याला फेटा, अंगात पांढरा सदरा. त्यांना कोणी बोलावले नव्हते. ते आमच्याकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसले.

साळ्याच्या बायकोने पदर ओढून घेतला. आपल्या निवेदनाच्या पाठीशी उभे राहायला ते आले आहेत, असे तिला वाटले होते. मलाही तेच वाटले होते.

कंपनीचे वकील उभे राहिले. शांत, अभ्यासू माणूस, आवाज चढवला नाही. मृताचे वडील कुस्तीचे उस्ताद, मृत तालमीत वाढलेला, शरीरयष्टी भक्कम, असे सांगून त्यांनी मामाजींचे निवेदन वाचले. धोबीपछाड शब्द आला तेव्हा आयोगाच्या अध्यक्षांनी क्षणभर वर पाहिले. मग त्यांनी लॅपटॉपवर दुकानाच्या कॅमेऱ्यातले दृश्य लावले आणि एका जागी थांबवले. धुरकट चित्र, मध्ये एक आडदांड माणूस, दोन्ही हात डोक्याच्या वर. “हात उचललेला स्पष्ट दिसतो,” ते म्हणाले.

आमचा तरुण वकील उठला. “पुढे चालू द्या, साहेब. हातात काय आहे ते बघा.”

अध्यक्षांनी होकार दिला. चित्र पुढे सरकले. त्याला आवाज नव्हता. लॅपटॉप लहान, म्हणून सगळेच थोडे पुढे झुकले, आणि मागच्या बाकावरचे मामाजी उठून चालत अगदी टेबलापर्यंत आले. शिपायाने त्यांना अडवायला हात पुढे केला, पण अध्यक्षांनी राहू दे अशी खूण केली.

मामाजींनी ते कधी पाहिलेच नव्हते. वकिलाने मिळवलेली त्याची नक्कल मी दाखवू गेलो, तर त्यांनी मोबाइल ढकलून दिला होता. आता त्यांनी पाहिले. हातांमध्ये ताणून धरलेला तो जाड हार, खाली लोंबणारा गोंडा. तोंड हलत होते, काहीतरी विनवणी चाललेली. बाजूने कोणाचा तरी खांदा येतो. आडदांड माणूस मागे जातो. हात वरच राहतात. पडेपर्यंत वरच राहतात.

इथे मी थोडा थांबतो आणि निकाल आधी सांगून टाकतो. माझ्या धंद्यात सत्काराची शाल आधी द्यावी लागते, भाषण नंतर, नाहीतर लोक उठून जातात. निकाल काही महिन्यांनी लागला, आमच्या बाजूने. मृत व्यक्ती मारामारीत सहभागी नव्हती, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ती ओळ साळ्याच्या बायकोने पोरीकडून दोनदा वाचून घेतली. पोरगी आता अकोल्यात नर्सिंगला आहे आणि आमच्याकडेच राहते. तिचे हात बापासारखे आहेत. सुई टोचताना ती पेशंटला विचारते, लागलं तर नाही ना.

मामाजी तापातली कुस्ती आता सांगत नाहीत. कोणी आठवण काढली तर म्हणतात, “पडलो होतो.” दुपारी ते पाटीवर जातात, आता समोरच्या बाजूने नाही. सून ओवते, ते दोऱ्याचे दुसरे टोक धरून बसतात. तिथे बसलेल्या पहिलवानाला बघून एकदा कोणीतरी हसले. मावशींनी त्याला नारळ दाखवला, विकायचा नव्हे, फेकायचा. पण त्यांच्या तोंडावरचे ते रंग, ती हातवाऱ्यांची ऐट, ते सगळे गेले. मला त्यांची आठवण येते, जरी ते समोर बसलेले असले तरी.

तर, त्या खोलीत परत चला. चित्र संपले होते. लॅपटॉपवर रिकामा रस्ता आणि लोकांची पळापळ एवढेच उरले होते. अध्यक्षांनी मामाजींना विचारले, “हे निवेदन तुमचंच ना? मुलानं दोघांना पाडलं, असं तुम्ही सांगितलं?”

मामाजींनी फेटा काढला. मी त्यांना आजवर कोणासमोरही फेटा काढताना पाहिले नव्हते, मारुतीसमोर सोडून. त्यांनी मागे वळून सुनेकडे पाहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग ते पुढे वळले आणि तालमीत पोरांवर ओरडायचे त्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे, बोलले:

“डरपोक होता जी साहेब माहा पोरगा! एक नंबरचा डरपोक! जिंदगीत कोनाले हात नाही लावला त्यानं. मीच मारत होतो त्याले, तू मारत काहून नाही म्हून!”